आईचा रिपोर्ट नॉर्मल, तरी आई वाहक कशी?

प्रश्न बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या एका मुलीचा आहे. तिच्या धाकट्या भावाला व्हायवॅक्स मलेरिया झाला, प्रायमाक्विन हे औषध सुरू झालं आणि तिसऱ्या दिवशी लघवी कोऱ्या चहासारखी काळपट झाली. तपासणीत लाल पेशींना फुटण्यापासून वाचवणाऱ्या जी-६-पीडी या एन्झाइमची कमतरता निघाली. मग आईचंही रक्त तपासलं, तर रिपोर्टवर ‘नॉर्मल’. डॉक्टर मात्र म्हणाले, आई वाहक आहे, म्हणजे बिघडलेलं जनुक तिच्याकडून आलंय. कॉलेजात शिकवलंय की स्त्रीच्या पेशीत दोन एक्स गुणसूत्रांपैकी एक बंद असतो. तिची विचारणा अशी: एक बंदच असेल तर आईच्या निम्म्या पेशी आजारी हव्यात, मग ती नॉर्मल कशी? पेशीला कळतं कसं, की आपल्याकडे दोन एक्स आहेत आणि त्यातला कुठला बंद करायचा? आणि एक जर बंदच ठेवायचा, तर टर्नर सिंड्रोमच्या, म्हणजे एकच एक्स घेऊन जन्मलेल्या मुलींना त्यावर का भागत नाही?

प्रश्न तीन असले तरी धागा एकच आहे. गेली सत्तावीस वर्षं मी गुणसूत्रांच्या प्रयोगशाळेत काम करते आहे. त्यातला निदान एक प्रश्न दर महिन्याला कुणीतरी विचारतंच, आणि विचारणाऱ्यांत डॉक्टरही असतात. म्हणून जरा ऐसपैस लिहिते.

आधी हे बघा, कारण हे डोळ्यांनी दिसतं. कुठल्याही बाईच्या रक्ताचा साधा स्मिअर घ्या, लीशमन स्टेन करा, तेलाची लेन्स लावा आणि न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी शोधत बसा. या पेशीचं केंद्रक तीन-चार तुकड्यांचं, बारीक दोऱ्यांनी जोडलेलं असतं. शंभरातल्या दोन-तीन पेशींत त्या तुकड्यांपैकी एकाला देठासकट एक छोटी गोळी लटकलेली दिसेल. प्रयोगशाळेत तिला ‘ड्रमस्टिक’ म्हणतात. ढोल वाजवायच्या टिपरूसारखीच दिसते ती. हाच बंद केलेला एक्स. गालाच्या आतल्या बाजूला लाकडी पट्टी फिरवून पेशी घेतल्या तर तोच केंद्रकाच्या कडेला चिकटलेला गडद ठिपका म्हणून दिसतो. आकार साधारण एक मायक्रॉन. नव्या मुलींना मी पहिल्या आठवड्यात हेच करायला लावते. स्वतःच्या गालातल्या पेशीत तो ठिपका सापडला की बहुतेकींचा चेहरा बघण्यासारखा होतो. (प्रत्येक पेशीत तो सापडत नाही. पेशी तिरकी पडली, रंग कमी चढला की हातचा जातो. ‘मॅडम, माझ्यात नाहीये’ म्हणून रडवेली झालेली एक मुलगी मला अजून आठवते. दुसरी स्लाइड केल्यावर सापडला.)

हा ठिपका पहिल्यांदा १९४९ साली कॅनडातल्या लंडन, ऑन्टारिओ इथे मरे बार आणि एवर्ट बर्ट्रम यांनी पाहिला. शोधत ते भलतंच काही होते. मांजराच्या चेतापेशी सतत काम करून थकल्या की त्यांच्यात काय बदल होतो, हे त्यांना बघायचं होतं. काही मांजरांच्या पेशींत ठिपका होता, काहींच्यात नव्हता. नोंदी चाळल्या तेव्हा लक्षात आलं की ठिपकेवाल्या सगळ्या मांजरी होत्या आणि बिनठिपक्याचे सगळे बोके. तेव्हापासून त्याला बार बॉडी म्हणतात. पण तो ठिपका म्हणजे नेमकं काय, हे कळायला दहा वर्षं गेली. १९५९ साली कॅलिफोर्नियातल्या सिटी ऑफ होप या संस्थेत सुसुमू ओहनो आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की तो दोन एक्सचा मिळून झालेला गोळा नाही. तो एकच एक्स आहे, घट्ट गुंडाळलेला. दुसरा बाकीच्या गुणसूत्रांसारखाच मोकळा असतो.

दोन वर्षांनी, १९६१ मध्ये, इंग्लंडमधल्या हारवेल इथे उंदरांवर काम करणाऱ्या मेरी लायन यांनी ‘नेचर’मध्ये एक अगदी छोटा लेख लिहिला. त्यांच्यासमोर तीन गोष्टी होत्या. ओहनोंचा घट्ट एक्स. एकच एक्स असलेल्या, तरी धडधाकट आणि पिल्लं देणाऱ्या उंदरीण. आणि अंगावर दोन रंगांचे पट्टे असलेल्या उंदरीण, ज्यांचे रंगाचे जनुक एक्सवर होते. नरांत असे पट्टे कधी दिसत नसत. लायन यांनी तिन्ही गोष्टी जोडल्या. गर्भावस्थेत अगदी लवकर प्रत्येक पेशी आपल्या दोनपैकी एक एक्स बंद करते. कुठली पेशी आईकडचा बंद करेल आणि कुठली बाबांकडचा, हे नशिबावर. पण एकदा ठरलं की त्या पेशीच्या पुढच्या सगळ्या पिढ्या तोच निर्णय चालवतात.

तुमच्या आईच्या रिपोर्टचं उत्तर या शेवटच्या वाक्यात आहे. पण तिथे जायच्या आधी निर्णय होतो कसा ते बघू, कारण पेशीला मोजता येतं हेच मुळात चक्रावणारं आहे.

बंद करायची गरज का, ते पटकन सांगते. माणसाचा एक्स डीएनएच्या साधारण साडेपंधरा कोटी अक्षरांचा, त्यावर प्रथिनं बनवणारी आठशेच्या आसपास जनुकं. पुरुषांतल्या वाय गुणसूत्रावर शंभरही नाहीत. म्हणजे बाईकडे एक्सवरच्या बहुतेक जनुकांचा दुप्पट साठा, आणि पेशीचं गणित अशा दुपटीने बिघडतं. फळमाशी हेच गणित उलटीकडून सोडवते. नर आपल्या एकुलत्या एक्सकडून दुप्पट काम करून घेतो. सस्तन प्राण्यांनी एक आख्खं गुणसूत्र गप्प बसवायचा मार्ग धरला.

आता मोजणी. एक्सच्या लांब बाहूवर, मध्याजवळ, एक जागा आहे. तिला निष्क्रियता केंद्र म्हणतात. त्यात एक्झिस्ट नावाचं जनुक आहे. १९९१ मध्ये कॅरोलिन ब्राउन आणि हंटिंग्टन विलार्ड यांच्या गटाने माणसात ते शोधलं, तेव्हा त्याचा विक्षिप्तपणा लगेच लक्षात आला: हे जनुक चालू असतं ते फक्त बंद एक्सवर. आणि त्यातून प्रथिन बनतच नाही. १७ हजारांहून जास्त अक्षरांचा आरएनएचा एक लांबलचक धागा निघतो, तो केंद्रकाबाहेर पडत नाही आणि ज्या गुणसूत्रावर जन्मला त्यालाच बिलगून राहतो. १९९६ मध्ये उंदरांत हे जनुक मोडून पाहिलं, तर मोडलेलं एक्झिस्ट असलेला एक्स बंद होईचना.

म्हणजे खरा प्रश्न असा: दोन एक्सपैकी एकावरच एक्झिस्ट का चालू होतं? आणि मुलग्यात, जिथे एकच एक्स आहे, तिथे ते गप्प का राहतं?

उंदरांच्या पेशींतून मिळालेलं उत्तर मला फार आवडतं, कारण त्यात मोजणारा वेगळा कुणी लागतच नाही. एक्झिस्टला चेतवणारी काही प्रथिनं स्वतः एक्सवरच्या जनुकांतून बनतात. त्यातलं एक आरएनएफ-१२. ते एक्झिस्टला दाबून धरणाऱ्या दुसऱ्या एका प्रथिनाचा नाश करतं. नराच्या पेशीत एकच एक्स, म्हणून आरएनएफ-१२ एक पट. दाब सुटत नाही. मादीच्या पेशीत ते दोन पट असतं, उंबरठा ओलांडला जातो आणि कुठल्या तरी एका एक्सवर एक्झिस्ट पेटतं. तो एक्स गप्प होऊ लागतो, त्यावरचं आरएनएफ-१२ही गप्प होतं, डोस पुन्हा एकपट. आता दुसऱ्यावर पेटायला चेतवणीच उरत नाही. कुणी मोजलं नाही, पण हिशेब लागला. कधी दोन्हीकडे पेटतंही. तेव्हा एकीकडचं पुन्हा विझतं, नाहीतर ती पेशी टिकत नाही.

उंदरात आणखी एक राखणदार आहे. एक्झिस्टच्याच जागेवर, पण उलट दिशेने वाचलं जाणारं जनुक. त्याचं नावही रोमन लिपीत एक्झिस्ट उलटं लिहून ठेवलंय, टीसिक्स. जीनी ली यांच्या गटाने १९९९ मध्ये ते मांडलं. ज्या एक्सवर टीसिक्स चालू राहतं, तो वाचतो. पण इथे थांबून एक सांगायला हवं: उंदराचं सगळंच माणसाला लागू होत नाही. माणसात टीसिक्स हे काम करत नाही. माणसाच्या भ्रूणात पहिल्या आठवड्यात दोन्ही एक्सवरून एक्झिस्ट निघत असतं आणि तरी दोन्ही एक्स चालू असतात. बंद होण्याचं काम गर्भ रुजण्याच्या सुमाराला होतं. उंदरात त्याहूनही मजेशीर प्रकार आहे: आधी सगळ्या पेशींत बाबांचाच एक्स बंद होतो, मग ज्या पेशींतून पिल्लू होणार त्यांच्यात तो पुन्हा उघडतो आणि नव्याने चिठ्ठ्या टाकल्या जातात. वारेत मात्र बाबांचा बंदच राहतो. कांगारूंच्यात चिठ्ठ्याच नाहीत, तिथे कायम बाबांचाच बंद. पाठ्यपुस्तकातलं सुबक चित्र कुठल्या प्राण्याचं आहे, हे विचारायची सवय लावून घ्या.

या हिशेबाचा नियम मात्र माणसात पक्का दिसतो: गुणसूत्रांच्या एका जोडसंचामागे एक एक्स चालू, बाकीचे सगळे बंद. ४७,एक्सएक्सवाय (एकूण ४७ गुणसूत्रं, त्यांत दोन एक्स आणि एक वाय) असलेल्या पुरुषात एक बार बॉडी, ४७,एक्सएक्सएक्स असलेल्या बाईत दोन, टर्नरच्या ४५,एक्स मुलीत शून्य. यावरूनच १९६८ च्या हिवाळी आणि उन्हाळी ऑलिंपिकपासून महिला खेळाडूंच्या गालातल्या पेशी तपासून ‘स्त्रीत्व’ ठरवायचा उद्योग सुरू झाला. १९८५ मध्ये स्पेनची अडथळा शर्यतीतली धावपटू मारिया होसे मार्तिनेझ-पातिन्यो कोबेच्या स्पर्धेत या चाचणीत अडकली. तिची गुणसूत्रं एक्सवाय होती, पण शरीर टेस्टोस्टेरॉनला दादच देत नव्हतं. बार बॉडी दिसणार कुठून? तीन वर्षं झगडून तिने आपला हक्क परत मिळवला. सरसकट तपासणी ऑलिंपिक समितीने १९९९ मध्ये थांबवली. बार बॉडी एक्सची संख्या सांगते. त्यापलीकडे तिला काही विचारू नये, हे मी माझ्या हाताखालच्या प्रत्येकाला बजावते.

पेटल्यावर पुढे काय होतं? एक्झिस्टचे रेणू फार नसतात, एका पेशीत शंभराच्या आसपास. एवढ्यांनी साडेपंधरा कोटी अक्षरं झाकायची कशी? तर ते रांगेने पसरत नाहीत. गुणसूत्र केंद्रकात चुरगळलेल्या दोऱ्यासारखं असतं. दोऱ्यावर लांब असलेले भाग प्रत्यक्षात शेजारी येतात. एक्झिस्ट आधी या शेजाऱ्यांवर जाऊन बसतं आणि तिथे गप्प बसवणारी प्रथिनं गोळा करतं. त्यातलं मुख्य प्रथिन म्हणजे स्पेन. २०१५ मध्ये एक्झिस्टला कोण कोण चिकटतं याची मोजदाद वेगवेगळ्या गटांनी केली, तेव्हा ते पुढे आलं. स्पेन एक्झिस्टच्या सुरुवातीच्या भागाला पकडतं आणि हिस्टोनवरचे ॲसिटिल गट काढणाऱ्या एन्झाइमला कामाला लावतं. डीएनए ज्या रिळांवर गुंडाळलेला असतो ते हिस्टोन. त्यांच्यावर ॲसिटिल असले की गुंडाळी सैल. ते काढले की ती आवळते आणि जनुक वाचणारं यंत्र बाहेर पडतं.

पण एवढ्याने फक्त आवाज बंद होतो, कुलूप लागत नाही. कुलपं नंतर एकामागून एक लागतात. पॉलिकोम्ब गटाची प्रथिनं हिस्टोनवर आपल्या खुणा उमटवतात. एका हिस्टोनची जागा मॅक्रो-एच-२-ए नावाचा दुसरा प्रकार घेतो. शेवटी जनुकांच्या दारातच, म्हणजे सुरुवातीच्या डीएनएवर, मिथिल गट बसतात. पेशी विभागताना हा एक्स आपली नक्कलही बाकीच्यांपेक्षा उशिरा काढतो. उंदराच्या मूलपेशींत करून पाहिलेला एक प्रयोग हा फरक छान दाखवतो: पहिल्या दोनेक दिवसांत एक्झिस्ट काढून घेतलं तर एक्स पुन्हा बोलू लागतो. त्यानंतर काढलं तर काही फरक पडत नाही, तो गप्पच. तोवर इतकी कुलपं लागलेली असतात की किल्लीवाला निघून गेला तरी दार उघडत नाही. आणि दर विभाजनात मिथिल खुणा जुन्या धाग्यावरून नव्या धाग्यावर उतरवल्या जातात. म्हणून एका पेशीने गर्भात घेतलेला निर्णय सत्तर वर्षांच्या आजीच्या त्वचेतही जसाच्या तसा सापडतो.

आता तुमची आई.

तिच्या एका एक्सवर जी-६-पीडीचं बिघडलेलं जनुक आहे, दुसऱ्यावर धड. मुलाला तिच्याकडून एकच एक्स मिळाला, तो बिघडलेला निघाला, आणि वायवर त्याची पर्यायी प्रत नाही. म्हणून त्याच्या सगळ्याच लाल पेशी कमकुवत. आईच्या अस्थिमज्जेत मात्र दोन जातींच्या मूलपेशी आहेत. काहींत धड एक्स चालू, काहींत बिघडलेला. तिच्या रक्तात कमकुवत लाल पेशी आणि ठणठणीत लाल पेशी एकत्र फिरतात. मधली, ‘अर्धवट’ अशी पेशी तिच्यात नाही. हे १९६२ मध्ये अर्नेस्ट बॉयटलर यांनी नेमकं जी-६-पीडीवरच दाखवलं, आणि तेही सिटी ऑफ होपमध्येच, जिथे ओहनो होते. पुढच्याच वर्षी त्वचेच्या एकेका पेशीपासून वाढवलेल्या वसाहतींत हेच दिसलं: प्रत्येक वसाहतीत एन्झाइमचा एकच प्रकार, दोन्ही मिळून कधीच नाहीत.

रिपोर्ट मात्र सरासरी काढतो. नेहमीची स्पॉट टेस्ट म्हणजे रक्ताचे दोन थेंब, अभिकर्मक, कागदावर ठिपका आणि अतिनील दिव्याखाली तो चमकतो का ते बघणं. ठणठणीत पेशी पुरेशा असल्या की ठिपका चमकतो. साधारण तीस टक्क्यांच्या वर एन्झाइम असेल तर ही चाचणी ‘नॉर्मल’ म्हणून मोकळी होते. आईचे पन्नास टक्के असतील, तरी ठिपका चमकणारच. म्हणजे प्रयोगशाळेने चूक केली असं नाही. चाचणी पुरुषांसाठी योग्य आहे, ज्यांच्यात मधली अवस्था नसते. वाहक बाईसाठी ती मुळातच आंधळी आहे. माझं स्पष्ट मत असं की बाईच्या स्पॉट टेस्टच्या रिपोर्टवर नुसतं ‘नॉर्मल’ छापणं बंद व्हायला हवं.

आणि पन्नास टक्के हा आकडाही धरून चालू नका. चिठ्ठ्या टाकल्या गेल्या तेव्हा गर्भात मोजक्याच पेशी होत्या. दहा नाणी उडवली तर दर वेळी पाच छापे पडत नाहीत. कुणा बाईत सत्तर-तीस, कुणात नव्वद-दहा. वाहक बहिणी सख्ख्या असल्या तरी एकीचा आकडा दुसरीला लागू नाही. एकाच बीजाच्या जुळ्या बहिणीसुद्धा यात वेगळ्या निघू शकतात.

दुसरं असं की शरीरात सगळीकडे मिश्रण सारखं नसतं. विद्यार्थ्यांना मी सांगते, रक्त मिसळीसारखं आणि त्वचा गोधडीसारखी. रक्तात दोन्ही जातींच्या पेशी ढवळून निघतात. त्वचेत एका पेशीची पिलावळ शेजारी-शेजारीच राहते, म्हणून तुकडे दिसतात. तिरंगी मांजरीच्या अंगावरचे काळे-नारिंगी तुकडे हेच. नारिंगी रंगाचं जनुक एक्सवर असतं. ते नेमकं कुठलं, हे मात्र २०२५ मध्ये, जपान आणि अमेरिकेतल्या दोन गटांच्या कामातून पक्कं झालं: एआरएचजीएपी-३६ या जनुकाजवळचा सुमारे पाच हजार अक्षरांचा तुकडा गळालेला असतो. टेक्सासमध्ये २००१ च्या डिसेंबरात तिरंगी मांजरीच्या एका पेशीपासून क्लोन जन्माला घातलं, नाव ठेवलं सीसी. डीएनए तोच, पण पिल्लाच्या अंगावर नारिंगी केस एकही नाही. ज्या पेशीपासून ते केलं, तिच्यातला नारिंगीवाला एक्स बंद होता आणि बंदच राहिला.

बायकांच्या त्वचेतही हे तुकडे असतात, फक्त एरवी दिसत नाहीत. १८७५ मध्ये चार्ल्स डार्विन यांनी सिंधमधल्या एका हिंदू कुटुंबाबद्दल लिहिलं आहे. सिंध तेव्हा आपल्याच मुंबई इलाख्यात होता. चार पिढ्यांत दहा पुरुषांना मोजकेच दात, अंगावर विरळ केस, लवकर टक्कल आणि उन्हाळ्यात कोरड्या त्वचेचा जाच. मुलींना काही नाही, पण त्यांच्या मुलग्यांत तेच. आज आपण त्याला एक्सवरचा एक्टोडर्मल डिसप्लेशिया म्हणतो; यात घामाच्या ग्रंथी जवळजवळ नसतात. अशा घरातल्या वाहक बाईच्या पाठीला आयोडीन लावायचं, ते सुकल्यावर वरून स्टार्च, आणि तिला उबेत बसवायचं. जिथे घाम येतो तिथे निळे-काळे ठिपके उमटतात. जिथे येत नाही तिथे पाठीच्या कण्यापाशी इंग्रजी ‘व्ही’सारखे आणि बाजूंना वळणदार कोरे पट्टे राहतात. गर्भात त्या पेशींची पिलावळ ज्या वाटेने सरकली, ती वाट. १९०१ मध्ये जर्मन त्वचारोगतज्ज्ञ आल्फ्रेड ब्लाश्को यांनी रुग्णांच्या त्वचेवरून अशा रेघांचा नकाशा काढून ठेवला होता, एक्सचं काहीही माहीत नसताना. मी ही चाचणी एकदाच पाहिली आहे. त्या बाई आरशात पाठ बघून म्हणाल्या, ‘अगोबाई, हे जन्मापासून होतं?’

मग वाहक असून त्रास कुणाला होतो, कुणाला नाही? इथे एक गोष्ट बहुतेक पुस्तकं घाईत उरकतात. जनुकाचा माल पेशी स्वतःसाठी ठेवते की बाहेर देते, ते बघा. हिमोफिलियात कमी पडणारं, रक्त गोठवणारं प्रथिन फॅक्टर आठ यकृतातून रक्तात सोडलं जातं. धड पेशींनी बनवलेला माल साऱ्या शरीराला मिळतो, म्हणून तिथे सरासरीला अर्थ आहे. पातळी चाळीस टक्क्यांच्या खाली गेलेल्या वाहक बाईला बाळंतपणात किंवा दात काढताना जास्त रक्तस्राव होऊ शकतो. लाल पेशी मात्र आपलं जी-६-पीडी शेजारणीला देऊ शकत नाही. तिथे सरासरी कितीही चांगली असो, कमकुवत पेशी प्रायमाक्विनपुढे फुटतातच. किती फुटतील, ते वाटणीवर. रेट सिंड्रोम या एक्सवरच्या जनुकाच्या मेंदूविकारात मेंदूतल्या धड आणि बिघडलेल्या चेतापेशी अशाच शेजारी-शेजारी असतात. तिथेही उधारी चालत नाही.

कधी वाटणी नशिबावर राहत नाही. एखाद्या जनुकाशिवाय पेशी वाढूच शकत नसेल, तर बिघडलेला एक्स चालू असलेल्या पेशी मागे पडून संपतात. एक्सवरच्या ॲगॅमाग्लोब्युलिनेमियाच्या, म्हणजे अँटिबॉडी न बनण्याच्या आजाराच्या वाहक बाईच्या बी पेशी (अँटिबॉडी बनवणाऱ्या पांढऱ्या पेशी) तपासल्या तर सगळ्यांत धड एक्सच चालू सापडतो. एक्सचा तुकडा दुसऱ्या गुणसूत्राला जोडला गेला असेल तर बहुधा उलट घडतं: धड एक्स बंद झालेल्या पेशीच टिकतात, कारण तुटलेला बंद केला तर त्याला चिकटलेल्या दुसऱ्या गुणसूत्राचा तुकडाही गप्प होतो. अशाच काही मुलींना ड्युशेन स्नायुविकार झाला, आणि ते जनुक एक्सवर नेमकं कुठे आहे याचा माग त्यांच्या गुणसूत्रांतल्या भेगेवरून लागला.

वाटणी मोजायची चाचणी आमच्याकडे होते, ह्युमारा नावाची. एक्सवरच्या एका जनुकातला कमी-जास्त लांबीचा तुकडा दोन एक्स ओळखायला वापरायचा आणि त्यावर मिथिल आहे की नाही यावरून बंद कुठला ते ठरवायचं. पण ती करून घ्या असं मी सहसा सुचवत नाही. रक्तातली वाटणी स्नायूला किंवा मेंदूला लागू पडेलच असं नाही, शिवाय वय वाढेल तशी रक्तातली वाटणी एका बाजूला झुकत जाते. एका बाईंच्या रक्तात पंचाण्णव-पाच आलं म्हणून कुणीतरी त्यांना चिंता करू नका सांगितलं होतं. स्नायूंचा त्रास मात्र चालूच राहिला.

टर्नरचा प्रश्न राहिला. बंद एक्स पूर्ण बंद नसतो, हे त्याचं उत्तर. माणसात त्यावरची साधारण पंधरा टक्के जनुकं कुलपातूनही बोलत राहतात, आणखी काही कुणा बाईत बोलतात, कुणात नाही. टोकाला एक भाग असा आहे की जो वायवरही तसाच असतो. तिथे बाईला आणि पुरुषालाही दोन प्रती लागतातच. उंचीचं शॉक्स जनुक तिथलं. टर्नरच्या मुलीकडे त्याची एकच प्रत, म्हणून उंची कमी. एक्सएक्सवाय पुरुषाकडे तीन, म्हणून तो उंच. शिवाय बीजांडं ज्यांतून होतात त्या पेशींत बंद एक्स पुन्हा उघडतो आणि दोन्ही कामाला लागतात. एकच असेल तर बहुतेक बीजांडं फार लवकर संपतात. उंदरिणीचं एका एक्सवर बरंच भागतं, कारण तिच्या बंद एक्सवर बोलणारी जनुकं फारच थोडी आहेत. मेरी लायन यांच्या समोरच्या उंदरीण धडधाकट का होत्या, त्याचं हे कारण.

आता घरचं. मुलाला जी-६-पीडीची कमतरता असेल तर बिघाड आईकडूनच आलेला असणार; नव्याने घडलेला बिघाड क्वचित असतो. म्हणून डॉक्टरांचं बरोबर आहे. आईची संख्येत मोजणारी चाचणी करून घ्या, जिच्या रिपोर्टवर टक्के किंवा युनिट येतात. त्यातही आकडा सामान्याच्या जवळ आला तर वाहक नाही असा अर्थ काढू नका. खात्री फक्त जनुकीय चाचणीने होते. भावात सापडलेला नेमका बदल आईत आणि तुमच्यात शोधायचा. वडिलांना कमतरता नसेल तर तुम्ही वाहक असण्याची शक्यता निम्मी. रक्त नुकतं फुटलेलं असताना एन्झाइमची चाचणी करू नका. तेव्हा जुन्या पेशी गेलेल्या असतात, नव्या पेशींत एन्झाइम जास्त असतं आणि आकडा खोटा चांगला येतो; तीनेक महिने जाऊ द्या. आणि तुम्हाला किंवा आईला कधी मलेरिया झाला तर प्रायमाक्विन किंवा त्याच जातीचं टॅफेनोक्विन लिहून देणाऱ्या डॉक्टरांना भावाचा रिपोर्ट दाखवा, आईचा तो ‘नॉर्मल’वाला नव्हे. टॅफेनोक्विनला तर सत्तर टक्क्यांच्या वर एन्झाइम असल्याचा मोजलेला आकडा लागतो, आणि वाहक बाईत नेमका तोच भरवशाचा नसतो.